पाण्याचा कडता

आदिलाबाद जिल्हा अजून अख्खा होता तेव्हाची ही गोष्ट. अख्खा म्हणजे केवढा, तर तामसीकडचा एखादा कोवळा पोरगा बेल्लमपल्लीला जायला निघाला की वाटेतच त्याला मिसरूड फुटायचं, आणि कोळशाच्या खाणी बघून घरी परतेस्तोवर मिशा पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत मी रेकॉर्डच्या खोलीत कारकून होतो. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आता जिल्ह्याचेच चार तुकडे करायचं ठरलं होतं. निजामाच्या वेळेपासूनच्या पहाण्या, नकाशे, मिसली, सगळं चार ढिगांत वाटायचं. एक बस्ता, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, झटकला की धुळीनं बसस्टँडपर्यंतची माणसं शिंकायची. सुट्ट्या सगळ्यांच्या बंद.

नेमक्या त्याच उन्हाळ्यात बाबांचं हृदय थकल्याचं कळलं.

बाबा आणि माय तामसीच्या पुढे, आमच्या गावी राहायचे. कापूस आणि ज्वारीची शेती, दोन बैल, एक म्हैस. बाबा म्हणजे असा माणूस की कापसाचं गच्च भरलेलं बोंद, हे एवढं मोठं पोतं, एकट्यानं उचलून बंडीत टाकायचा आणि बैल कुरकुरला तर त्यालाही उचलून वर ठेवायचा. बैलाचं मी थोडं वाढवून सांगतो. बोंदाचं खरं आहे. तो माणूस त्या उन्हाळ्यात विहिरीपासून घरापर्यंत येताना मधे दोनदा बसायला लागला, म्हणून मी त्यांना नागपूरला नेलं.

नागपूरचे डॉक्टर तरुण होते आणि अजिबात हसत नव्हते. मी बाहेर बसून केलेले दोन विनोद आत वापरले, दोन्ही वाया गेले. ते म्हणाले, पंप कमजोर झाला आहे. पंप कमजोर झाला की अंगात पाणी साठत जातं. सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही, माणसाला स्वतःलाही कळत नाही. कळतं फक्त वजनकाट्याला. म्हणून रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर फोन करायचा आणि निघायचं.

"वजन वाढलं म्हणजे अंग धरलं असं घरचे समजतात," ते म्हणाले. "ते पाणी असतं. ते पायांपासून वर चढत येतं. छातीत आलं की मग तुमच्याकडे फार वेळ नसतो."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

तिथून बाहेर पडल्यापडल्या मी वजनकाटा घेतला. काचेचा, पापडासारखा पातळ, पाय ठेवला की लाल आकडे पेटणारा. दुकानदारानं सांगितलं, हत्ती उभा केला तरी पाव किलोचा फरक पडायचा नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो माझ्यासारखंच बोलत होता.

गावात काटा आला आणि अर्धं गाव आमच्या ओसरीत आलं. जो तो चढायचा. एका आजीनं आधी नमस्कार केला, मगच पाय ठेवला. पण त्या काट्याइतका खोटारडा प्राणी मी कचेरीतही पाहिला नव्हता. बाबा चढले, एकोणसत्तर. उतरून परत चढले, त्रेसष्ट. माय चढली तर तिचं वजन आमच्या वासराएवढं भरलं. शेजारचे काका एका पायावर उभे राहिले तेव्हा जास्त भरले आणि दोन्ही पायांवर कमी. लोक हसून हसून लोळले. मी हसलो नाही. दोन किलोवर बाबांचा जीव टांगलेला, आणि हा काटा सहा किलो इकडेतिकडे फेकत होता.

बाबांनी खाली वाकून काट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "याचा कडता किती?"

कापूसवाल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. आमच्याकडे काट्यावर दिसतं ते वजन नसतंच. आदिलाबादच्या यार्डात कापूस गेला की व्यापारी बोंदात मशीन खुपसतो, ओलावा बघतो आणि म्हणतो, यात पाणी आहे. मग त्या पाण्याचं वजन भरल्या वजनातून कापतो. तो कडता. तेलुगू व्यापारी त्याला तरुगू म्हणतात, पण कापताना हात दोघांचा सारखाच चालतो. बाबांनी आयुष्यभर हा कडता सोसला होता. पुढेपुढे तर व्यापाऱ्याच्या आधी तेच बोंदात हात घालून किती कापणार ते सांगायचे, आणि त्यांचा अंदाज मशीनच्या जवळपास यायचा. मी म्हटलं, बाबा, हा माणसाचा काटा, याला कडता नसतो. ते "बरं" म्हणाले.

मग मी काट्याच्या मागे लागलो. वरच्या साहेबांना खोटं सांगून मिळवलेली तेवढीच सुट्टी होती. शहाबादी फरशीवर ठेवला, तर फरश्या खालीवर. सारवलेल्या जमिनीवर ठेवला, तर त्याचे पाय मऊ जमिनीत रुतायचे. मोरीत ठेवला, तिथे उतार. सतरंजीवर ठेवल्यावर तर त्यानं बाबांना शाळकरी पोराच्या वजनाचं केलं. शेवटी परसात स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाईटचा तुकडा पडला होता, तो मी आणला. खोलीच्या कोपऱ्यात वाळू पसरली, वर तो तुकडा ठेवला, त्यावर पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं आणि पाणी चारी काठांना सारखं लागेपर्यंत वाळू दाबत राहिलो. माझे गुडघे सोलले. माय म्हणाली, देव बसवताना तू एवढा वाकला नाहीस.

मग खात्री करायला युरियाची न फोडलेली पिशवी ठेवली. पन्नास छापलेले, पन्नासच्या किंचित वर भरले. बाबा म्हणाले, छापलेल्याचं काय सांगतो, वरचं ते रिकाम्या पोत्याचं असंन. पण पिशवी तीनदा ठेवली आणि तीनदा तोच आकडा आला, तेव्हा मी असा काही ओरडलो की म्हैस दावं तोडून पळाली. मग बाबांना उभं केलं. सहासष्ट पॉइंट चार. उतरवलं, चढवलं. सहासष्ट पॉइंट चार.

मी कायदा घालून दिला. काटा हलवायचा नाही. सकाळी उठून परसाकडे जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच एका धोतरात, अंगात सदरा नाही, हात भिंतीला नाही. आकडा स्थिर झाला की माझ्या फोनवर सांगायचा. माय शिकलेली नव्हती, पण फोनवरचे आकडे तिला यायचे. ती वाचणार, बाबा सांगणार. असं सगळं चोख करून मी आदिलाबादला परतलो आणि बस्त्यांत बुडालो.

रोज सकाळी फोन यायचा. बाबा म्हणायचे, "सहासष्ट अन् वर चार." कधी सहासष्ट अन् तीन. कधी पाच. बस, एवढंच.

कचेरीत मी त्या काट्याच्या कथा सांगायचो. ग्रॅनाईटच्या तुकड्याची मी त्यात अख्खी शिळा करून टाकली होती. चौघांनी मिळून आणलेली. सगळे म्हणायचे, तू जिल्ह्याची वाटणी करायला पाहिजे होतीस, सारखी झाली असती. बाहेर रोज एक अफवा उठायची. आज अमुक मंडल, म्हणजे आमच्याकडचा तालुका, इकडे, उद्या तिकडे. तामसीतली काही गावं कापून वेगळं मंडल होणार, आमचं गाव त्यात जाणार, नाही जाणार. बाजारहत्नूरचा बस्ता एका ढिगातून उचलून दुसऱ्यात ठेवला आणि संध्याकाळी परत पहिल्यात. कशावरच भरवसा नव्हता. एक बाबांचा आकडा तेवढा पक्का होता.

पावसाळा आला आणि मायचं बोलणं बदललं. फोन बाबांच्या हातातून तिच्याकडे गेला की ती आधी म्हशीचं सांगायची, मग पावसाचं, आणि जाताजाता, जसं काही ते महत्त्वाचं नाहीच, असं काहीतरी सांगायची. बाबांच्या पायातला काळा दोरा रुतत होता म्हणून कापून टाकला. बाबा आता आडवे होत नाहीत, भिंतीला टेकून बसूनच झोपतात. घुगऱ्या केल्या तर चार घास खाल्ले आणि पोट गच्च झालं म्हणाले. मी विचारायचो, वजन? ती म्हणायची, "सांगितलं ना त्यायनं." आणि परत म्हशीचं काढायची. तिच्या बोलण्यामागे पावसाचा आवाज यायचा, आणि कधीकधी त्यात दुसरा एक आवाज असायचा. कुणीतरी ओल्या गोणपाटातून श्वास घेतल्यासारखा. मला वाटायचं फोनची लाईन खराब आहे.

पोळा झाला. बाबांनी पुरणपोळी खाल्ली असं माय म्हणाली. दुसऱ्या सकाळी, सहासष्ट अन् चार. एकादशीला काही खाल्लं नाही. सहासष्ट अन् चार. मधे एकदा पोट बिघडून दिवसभर चालू होतं. सहासष्ट अन् चार.

हे मी जेवताना बायकोला कौतुकानं सांगत होतो. तिनं पोळी वाढता वाढता हात थांबवला.

"माणूस आहे की भिंत?" ती म्हणाली. "माझं सकाळी एक असते, सांजेला एक असते. खाऊन वाढत नाही, उपाशी राहून उतरत नाही, असं वजन असते कुठं?"

मी म्हटलं, माझा काटा आहे तो, गंमत नाही. ती म्हणाली, काट्याचं मी बोलतच नाही. आणि मग आम्ही दोघंही जेवलो नाही नीट.

दसऱ्याला नवे जिल्हे निघणार होते. दसरा दोन दिवसांवर असताना रजा मागायला गेलो तर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्याकडे एक जिल्हा मागितला. मी गावी फोन करून मायला म्हटलं, उद्या तूच आकडा सांग, बाबांकडे फोन देऊ नको. सकाळी फोन बाबांनीच केला. आकडा तोच.

दसऱ्याच्या दिवशी कचेरीसमोर झेंडे, फटाके, भाषणं. बायकांच्या बतुकम्मा, त्या फुलांच्या उतरंडी, पाण्यात सोडून झाल्या होत्या आणि तळ्याच्या काठाला त्यांची फुलं कुजत पडली होती. बेल्लमपल्लीचे आमचे मित्र गळ्यात पडून रडले, जसं काही समुद्रापार चालले होते. भाषण अर्धं असतानाच मी मागच्या दारानं निघालो. बसमध्ये सगळे आनंदात होते. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात सहासष्ट अन् चार, सहासष्ट अन् चार म्हणत होतो, आणि जितक्यांदा म्हणत होतो तितकं ते वाईट ऐकू येत होतं.

घरी पोचलो तर बाबा ओसरीत बाजेवर बसले होते, पाठीशी ज्वारीचं पोतं लावून. चेहरा ओढलेला, पोट मात्र मोठं. मला बघून हसले. आमच्याकडे दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं मोठ्यांच्या हातात द्यायची आणि पाया पडायचं. मी पानं दिली, वाकलो, दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले.

पाय गार होते आणि ताणलेले. मी हात काढून घेतले तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांचे खड्डे त्यांच्या पायांवर तसेच राहिले. ओल्या मातीत बोट दाबल्यासारखे. मी बघत राहिलो. ते भरून येत नव्हते.

मी त्यांना धरून कोपऱ्यात नेलं. ग्रॅनाईटचा तुकडा, काटा, सगळं जिथल्या तिथे होतं. माय इतकी वर्षं देव्हारा पुसते तसा तिनं तो काटा रोज पुसलेला दिसत होता. बाबा चढले. आकडे पळाले, थांबले. पंच्याहत्तर पॉइंट एक.

उतरवलं, परत चढवलं. पंच्याहत्तर पॉइंट एक. माझा काटा एका दाण्यानंही चुकत नव्हता.

मी मायकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी होती.

"बाबा, काल तुमी सहासष्ट सांगतलं."

"कापून सांगतलं," बाबा म्हणाले. त्यांना बोलताना मधे थांबावं लागत होतं. "पावसाचे दिवस. धोतर ओलं, हवा ओली, अंग ओलं. काटा काय, जेवढं दिसलं तेवढं दाखवते. पहिल्या दिवशीचं खरं वजन मले माहीत होतं. त्याच्यावरचं पाणीच हाय ना ते. मी हात लावूनच सांगू शकतो."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"पाण्याचं वजन कोणी धरते का रे?" ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "ते तर पयलंच कापून टाका लागते."

माय तेव्हा बोलली. ती रोज खरा आकडा वाचायची. बाबा रोज त्यातून किती कापायचं ते ठरवायचे, कधी दोन, कधी चार, पुढे नऊ. ती म्हणायची, पोराला पूर्ण सांगा. ते म्हणायचे, पोरगं तिकडं कामात आहे, ओल्या वजनानं त्याला कायले भिववायचं. आणि पाण्याचा अंदाज त्यांच्याइतका कोणाला आहे, हे तिलाही माहीत होतं. बोंदात हात घातला की त्यांना समजायचं, तसं स्वतःच्या अंगात किती पाणी चढलं आहे हेही त्यांना दाण्यादाण्यानं समजत होतं. आकडा त्यांचा बरोबरच होता. नऊ किलो पाणी.

शेजारच्या काकांच्या जीपमधून आम्ही आदिलाबादला आलो. रस्ताभर फटाके. बाबा मागच्या सीटवर मायच्या खांद्याला टेकून बसलेले, आणि तो ओल्या गोणपाटाचा आवाज आता जीपभर होता. तो फोनच्या लाईनचा नव्हता. दवाखान्यातून नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, वजन रोज बघत होते ना? मी म्हटलं, बघत होतो. मग पंच्याहत्तर पॉइंट एक सांगितलं. त्यांनी इथल्या डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनं सांगितली. दोन-चार दिवसांत बाबांच्या अंगातून इतकं पाणी निघालं की एरवी मी त्याचा एक कालवा करून तामसीच्या शेतांना सोडला असता. खरं सांगायचं तर आठ किलो निघालं. शेवटचं एक काही केल्या निघेना.

इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचं जे गेलं ते गेलं. पाणी परत भरेल. किती सावकाश भरतं एवढंच आपल्या हातात आहे.

बाबा आणि माय माझ्या आदिलाबादच्या घरी राहायला आले. म्हैस शेजारच्या काकांना दिली. बायकोनं रोजचं पाणी मोजून एका बाटलीत ठेवायला घेतलं, भाजीतलं मीठ जवळजवळ काढून टाकलं. बाबा जेवताना तोंड वाकडं करायचे, पण ताट संपवायचे. काट्यासाठी मी न्हाणीच्या बाहेर, दोन फरश्यांच्या सांध्यावर येणार नाही अशी जागा शोधली, पाण्याचं ताट ठेवून पाहिलं. आता वाचायचं मी, सांगायचंही मीच. सदुसष्ट अन् दोन. सदुसष्ट अन् एक. सदुसष्ट अन् चार. आकडा जिवंत होता, रोज थोडा हलायचा. वर गेला तर बायको पाण्याची बाटली थोडी कमी भरायची. खाली आला तर माय बाहेर जाऊन तुळशीला हात जोडायची. बाबा काट्यावर उभे असताना समोरच्या भिंतीकडे बघायचे, खाली कधीच नाही.

संक्रांतीच्या पुढेमागे आकडा चढायला लागला. आधी थोडा, मग रोज थोडा. औषध वाढवलं, तो थांबला, परत निघाला. बाबांनी या दिवसांत काही विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती. सकाळी बाजेवरून पाय खाली सोडतानाच त्यांना समजत असणार. मी आकडा सांगायचो तेव्हा ते फक्त मान हलवायचे, यार्डात मशीनचा आकडा त्यांच्या अंदाजाशी जुळला की हलवायचे तशी.

मग एका सकाळी ते चढले आणि लाल आकडे पळून थांबले. आदल्या दिवसापेक्षा सव्वा किलो वर, आणि त्याच्या आदल्या दिवसापेक्षा अडीच. मी वाकून बघत होतो. माय स्वयंपाकघराच्या दारात होती, बायको तिच्या मागे. माझ्या तोंडात एक दुसराच आकडा तयार झाला होता, छान, सोयीचा, कोणी तपासायला येणार नाही असा. असे आकडे मला कधीच शोधावे लागत नाहीत.

बाबा भिंतीकडेच बघत होते.

"पूर्ण सांग," ते म्हणाले. "कापू नको."

मी पूर्ण सांगितला. एकाहत्तर पॉइंट सहा.

त्यांनी माझ्या खांद्याला धरून एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मी नागपूरचा नंबर लावत होतो. माय न सांगता पिशवी भरायला लागली होती. आदिलाबादच्या थंडीत उघड्या अंगानं ज्वारी राखलेल्या, आयुष्यात कधी स्वेटर न घातलेल्या त्या माणसानं माझ्या बायकोकडे माझं स्वेटर मागितलं. गाडीत गार लागतं, म्हणाले.